लोमा की लोमी

"साहेब, फौजेत शिव्या कुठल्या भाषेत देतात?"

दक्षाने हे विचारलं आणि कासा गावच्या कॉलेजचा अख्खा हॉल चिडीचूप झाला. मागच्या बाकावर कविता आणि निलमने ओढण्यांचे बोळे तोंडात कोंबले. पैज त्यांनीच लावली होती, नाक्यावरच्या वडापावची, आणि दक्षा उठणारच नाही याची दोघींना खात्री होती. दहावीपर्यंत ही पोरगी हजेरीला "हजर" इतक्या हळू म्हणायची की बाई तिची गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या. पण या पंधरा ऑगस्टला तिने सगळ्यांसमोर माईकवर भाषण ठोकलं होतं. मधलं विसरली तेव्हा मनाचं जोडलं होतं, आणि टाळ्या नेमक्या त्या जोडलेल्या भागाला पडल्या होत्या. तेव्हापासून तिच्या जिभेला लगाम राहिला नव्हता.

पहिल्या रांगेत बसलेल्या मॅडमचा चेहरा उतरला. स्टेजवर होते सुभेदार नेगी. गढवालच्या डोंगरातला माणूस, फौजेतून निवृत्त होऊन डहाणूला राहिलेला, दर रविवारी पोरापोरींचा भरतीचा क्लास फुकट घेणारा. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. विचार करून म्हणाले, "जिसको देनी है, उसी की भाषा में. वरना मेहनत बेकार."

हॉल हशाने फुटला. दक्षा वडापाव जिंकल्याच्या आनंदात खाली बसायला लागली, तर सुभेदारांनी तिला उभंच ठेवलं. तुला किती भाषा येतात, असं विचारलं. दक्षा म्हणाली, दोन, मराठी आणि हिंदी. इंग्रजीत सहामाहीला नापास झालेय, ती धरू नका. मग घरी काय बोलता? घरी पाड्यावरची बोली. आणि डहाणूच्या शेठकडे मिरच्या विकायला जाता तेव्हा? तेव्हा गुजराती. पण ते काय मोजायचं, साहेब, ते तर असंच येतं.

सुभेदार म्हणाले, मला त्या 'असंच'चीच परीक्षा घ्यायची आहे.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. काही देशांच्या फौजांत नव्या जवानांना आधी एक अशी भाषा ऐकवतात, जी जगात कोणीच बोलत नाही. नुसती बनवलेली. म्हणजे पाठांतराचा, मार्कांचा, ट्यूशनचा काही उपयोग नाही. ऐकायचं आणि तिचे नियम ओळखायचे. ज्याला जमेल त्याचा कान नव्या भाषेसाठी तयार, त्याला दुभाष्या करता येईल. तसल्या चाचणीची एक घरगुती नक्कल त्यांनी बनवली होती. याने नोकरी मिळत नाही, हेही त्यांनी बजावलं. फक्त कान कळतो.

पडद्यावर चित्र आलं. तीन जवान पाठीवर सामान घेऊन निघालेत आणि तंबूपाशी उभ्या असलेल्या चौथ्याला काहीतरी सांगतायत. सुभेदार म्हणाले, "लोमा तेक." मतलब, हम जाते हैं. दुसरं चित्र आलं. एक जवान हात उंचावून बाकीच्यांना हाक देतोय आणि सगळेच चालू पडलेत. "लोमी तेक." मतलब, हम जाते हैं.

अशी बरीच चित्रं झाली. खाण्याची, झोपण्याची, नदी ओलांडण्याची. कधी लोमा, कधी लोमी, आणि अर्थ दरवेळी तोच, हम. मग प्रश्न आला. दोन जवान पहाऱ्यावरच्या तिसऱ्याला सांगतायत, हम खाना खाने जाते हैं. तिसरा पहाऱ्यावरच राहणार. लोमा की लोमी, आणि का?

हॉलमध्ये कुजबुज माजली. कविताचं म्हणणं, 'मा' बायांसाठी असेल आणि 'मी' पुरुषांसाठी. निलम म्हणाली, चित्रात बाई कुठे आहे गं, हळू बोललं की 'मी' आणि जोरात बोललं की 'मा'. पुढचा दिपक उभा राहून म्हणाला, जवळ जायचं असेल तर लोमी, लांब जायचं असेल तर लोमा. सुभेदार प्रत्येकाला मान डोलवून पुढे जात होते.

दक्षा पडद्याकडे बघत होती. त्या उभ्या राहिलेल्या एकट्या जवानाकडे. तिला त्याची दया येत होती, आणि दया का येतेय याचा विचार करता करता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, याला नेत नाहीयेत.

"लोमा," ती उठून म्हणाली. "लोमा म्हणजे आम्ही. लोमी म्हणजे आपण. ज्याच्याशी बोलतोय तो सोबत असला तर आपण. मागे राहणार असला तर आम्ही."

सुभेदारांच्या हातातला रिमोट तसाच राहिला. त्यांनी पुढची चित्रं भराभर काढली, ती भराभर सांगत गेली. शब्द उलटे लावले, तिने सुलटे केले. शेवटी त्यांनी मॅडमना विचारलं की या मुलीचा भाषेत नंबर कितवा. मॅडम ओशाळून म्हणाल्या, भाषेतच जरा कच्ची आहे ती.

सुभेदार म्हणाले, माझ्या भाषेत दोन्हीला हमच म्हणतात, म्हणून हा नियम बसवायला मला आठवडा लागला. हिला तो आधीपासून येत होता, फक्त येतो हे माहीत नव्हतं. रविवारी आईवडिलांना घेऊन डहाणूच्या क्लासला ये, असं त्यांनी तिला सांगितलं. अठरा पूर्ण नाहीत, त्यामुळे घरच्यांनी येऊन हो म्हटल्याशिवाय नाव घेणार नाही.

आपण भाषेत कच्चे नाही, या धक्क्यातून बाहेर यायला दक्षाला गावापर्यंतची, गंजाडची जीप पुरली नाही. वडापाव तिने खाल्ला की नाही हेही तिला आठवेना. नेमका कुठला शब्द आधी सांगायचा, याची जुळवाजुळव करतच ती पाड्याची चढण चढली.

आई, लाडकी, अंगणात वाल सोलत बसली होती. दक्षाने दप्तर टाकलं, समोर बसली आणि सोलायला हात लावला. आधी मूड बघावा, मग सांगावं. म्हणून इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. वाल चांगला आलाय. पुढच्या पावसात खालच्या तुकड्यातही भात लावायचा का?

"लावू की," आई शेंगेवरची नजर न काढता म्हणाली. "आमी पलीकडच्या बारकीला बोलावू लावणीला. आमी दोघा कितीसं लावणार."

दक्षाच्या हातातली शेंग हातातच राहिली.

आमी. दरवर्षी आई 'आपुन' म्हणायची. आपुन चिखल करू, आपुन रोपं काढू. आणि ही तर दक्षाशीच बोलत होती, शेजारणीशी नाही. लोमा. पहाऱ्यावर मागे राहिलेला तो एकटा जवान तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि यावेळी त्याचा चेहरा तिचा होता.

चुकून म्हणाली असेल. दक्षाने स्वतःला समजावलं आणि सुभेदारांसारखं पुढचं चित्र काढलं. होळीला काय करायचं गं आई? आई म्हणाली, करू की, आपुन मामाकडे तळासरीला जाऊ, तुझी परीक्षा तोवर संपंल. आपुन. दक्षाचा जीव भांड्यात पडला. आणि कैरीचं लोणचं? आई म्हणाली, आमी थोडंच घालू यंदा, खाणार कोण.

भांड्यात पडलेला जीव पुन्हा बाहेर आला. होळीपर्यंत ती या घरात होती. लोणच्यापर्यंत नव्हती. मधे काय होतं? मधे महालक्ष्मीची जत्रा होती, जी दक्षाने कडेवर होती तेव्हापासून एकदाही चुकवली नव्हती.

"आणि जत्रेला?" तिने विचारलं. आवाज पंधरा ऑगस्टच्या आधीचा झाला होता.

"जत्रेला आमी..." आई म्हणाली आणि थांबली. तिने पहिल्यांदा वर बघितलं. मग सूप उचललं आणि उगाचच घरात गेली.

दक्षा तशीच बसून राहिली.  होळीनंतर आणि जत्रेआधी पोरगी घरातून जाते ती कशासाठी, हे कळायला कुठली चाचणी लागत नाही. लग्न. कोणाशी? कधी बघून गेले? कविताच्या बहिणीचं असंच झालं होतं, पण निदान तिला साडी तरी आधी दाखवली होती. दक्षाला रडू येत नव्हतं. रडायला आधी विश्वास बसावा लागतो.

बा, भिका, वाडीवरच्या कामावरून आला आणि पाय धुवायला लागला. दक्षा त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बा, माझं लगीन ठरवलंय?"

भिकाच्या हातातला तांब्या कलंडला. "कोण बोललं?"

"आई. आपुन सोडून आमी बोलते ती."

भिकाला काही कळेना. त्याने दाराकडे बघितलं. दारात लाडकी पदर तोंडाला लावून उभी होती आणि मान हलवत होती, मी काय नाय सांगितलं. लगीन नाही गं, असं भिका पुन्हापुन्हा म्हणत राहिला, वेडी का काय, कोणाचं लगीन. आणि मग, लग्न नाही हे सिद्ध करायच्या नादात, खरं काय ते सांगून बसला. तळासरीच्या पांड्यामामाने त्याच्या कंपनीत बोलून ठेवलं होतं. पॅकिंगचं काम. परीक्षा झाली, होळी झाली की दक्षाने मामाकडेच राहायचं आणि मामाबरोबर कंपनीच्या बसने जायचं. जत्रेची सुट्टी नव्या माणसाला मिळत नाही.

"तुला परीक्षेच्या वक्ताला तरास नको म्हणून नाय सांगितलं," तो म्हणाला. "मागं बाईच बोलल्या ना, भाषेत कच्ची हाय. मग पुढं शिकून काय करायचं गं? आमी दोघांनी बसून ठरवलं."

लग्न नाही म्हणून सुटका वाटायला हवी होती, पण दक्षाला तोंडात बसल्यासारखं झालं. बा चांगलाच होता. आईही. दोघांनी तिच्यासाठीच ठरवलं होतं, रात्री हळू आवाजात, ती पलीकडे झोपलेली असताना. आणि त्या ठरवण्यात ती नव्हतीच. किती दिवसांपासून घरात 'आमी' चाललं होतं आणि तिचा कान, ज्याचं आज अख्ख्या हॉलसमोर कौतुक झालं, घरात मात्र बहिरा होता.

तिने दोघांना ओट्यावर बसवलं. शिव्यांच्या प्रश्नापासून सगळं सांगितलं. लोमा आणि लोमी सांगितलं. वालाच्या शेंगा मांडून जवान केले, एक शेंग बाजूला ठेवली आणि विचारलं, ही मागं राहणार, मग हिला काय सांगायचं, आपुन जातो की आमी? आई पटकन म्हणाली, आमी. मग बाजूच्या शेंगेकडे बघत राहिली, आणि तिचा हात तोंडाशी गेला.  भिका त्या शेंगेकडे बघत होता आणि त्याच्या पायांवरचं पाणी तसंच ओघळत होतं.

"मग मी भाषेत कच्ची नाय ना?" दक्षाने विचारलं.

 लाडकीने हात पुढे करून बाजूची शेंग उचलली आणि बाकीच्यांत नेऊन ठेवली.

दक्षा उठून उभी राहिली. माईक नसतानाही तिचा आवाज पलीकडच्या बारकीच्या अंगणापर्यंत पोचत होता.

"मी पॅकिंगला जाणार नाय," ती म्हणाली. "बारावी करणार, आणि मग भरतीची परीक्षा देणार. नापास झाले तर पुन्हा देणार. आणि येत्या रविवारी सकाळच्या जीपने डहाणूला जायचंय, सुभेदारांना भेटायला. मी नाय. आपुन."