डाळिंबाचं पाणी

हिराबाईंच्या परसातल्या डाळिंबानं सहा वर्षांत एक फळ दिलं नव्हतं. काटे मात्र न चुकता दिले, आणि ते सगळे सोमशेखरआण्णांच्या सदऱ्याला. आण्णांना त्या जागी स्कूटरसाठी पत्र्याची शेड घालायची होती. पण बायकोच्या झाडाला हात लावला तर घरात जेवण मिळणार नाही, हे ओळखून ते गप्प होते.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला हिराबाई कबनूरला निघाल्या. "रोज बादलीभर पाणी घाला, आन् घातलं म्हणून रोज फोन करा," एवढं बजावून एसटीत बसल्या. आण्णांना देव पावला. झाड आपोआप वाळलं तर दोष उन्हाचा.

फोन मात्र चुकवता येईना. जावयाच्या घरी यंत्रमागांचा खडखडाट चालू असायचा, म्हणून कोपऱ्यावरच्या बूथवरून आण्णा ओरडून बोलत. पहिल्या दिवशी "घातलं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी हिराबाईंनी पालवी कशी आहे ते विचारलं. मग पालवी सांगावी लागली. पुढं फोनवरच चिमण्या आल्या, मुंग्या आल्या, मुंग्यांवर आण्णांनी राखही टाकली. बोलता बोलता गुडघ्याचं निघालं, करपलेल्या पिठल्याचं निघालं, घर खायला उठतं हेही निघालं. एवढं मात्र खरं होतं. तोवर झाडाचं पान न् पान गळून गेलं.

मृगाच्या तोंडावर हिराबाई परतल्या. परसात नुसत्या काड्या उभ्या होत्या.

"ऊन लई हुतं," आण्णा म्हणाले.

हिराबाईंनी पदर खोचला. बादली भरून ओतली, रोज ओतत राहिल्या. पंधरवड्यात पालवी फुटली, मग लालभडक फुलं आली आणि दिवाळीनंतर फांद्या वाकल्या. डाळिंबाचं पाणी उन्हाळ्यात काही आठवडे तोडावं लागतं, तेव्हा कुठं ते फळाला येतं. दोघंही शिरोळकडच्या उसातली माणसं. हे त्यांच्या गावीही नव्हतं. सहा वर्षं त्याला उसासारखं पाजत होते.

पहिलं डाळिंब हिराबाई सोलायला बसल्या, तेव्हा आण्णांना राहवलं नाही.

"मी पाणी घातलं न्हवतं."

"ठाव हाय. शेजारच्या बाळाबाईनं पहिल्याच आठवड्यात कळवलंतं."

"मग बोलली का न्हाईस? वाळून गेलं असतं की."

हिराबाईंनी दाणे वाटीत काढले आणि वाटी त्यांच्यापुढं सरकवली.

"मी तोंड उघडलं असतं, तर तुमी पाणी घातलं असतं. आन् घातलं म्हणून फोन ठिवला असता. तीस वर्सांत माझ्याशी एवढं कधी बोलला न्हवता."