एका काडीचं अंथरूण

मित्रांनो, लांबून बघाल तर मी तुम्हाला होडी वाटेन. होडी नाही बरं मी. मी एक जुनी गव्हाण आहे. बैलांना चारा घालायची, बाभळीच्या अखंड खोडातून कोरलेली. सध्या माझा मुक्काम हिंगोली जिल्ह्यातल्या ख्रिस्ती सिस्टरांच्या एका शाळेत, पहिलीच्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात. गव्हाण आणि शाळेत? हसा खुशाल. आधी मीही हसले होते.

माझा जन्म शिरड शहापूरचा. लाकूड इतकं टणक, की मला कोरता कोरता सुताराचा वाकस झिजून संपला आणि उरलेलं काम त्याने नुसत्या दांड्याने केलं. मग संतरामबापूंच्या गोठ्यात मी कामाला लागले. शेंदऱ्या आणि मुंगश्या ही लाल कंधारी बैलांची जोडी माझ्यात जेवायची. मुंगश्या एकदा शिंकला, तेव्हा तिकडे कळमनुरीच्या बाजारात लोकांच्या टोप्या उडाल्या. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा. काही जण अजून टोपी शोधून राहिलेत. चारा संपला तरी दोघं माझा तळ चाटत बसायचे. वर्षानुवर्षं चाटून त्यांनी माझं पोट असं गुळगुळीत केलं, की माशी बसली तर घसरून पडायची. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे तेवढं ध्यानात ठेवा.

पुढे गोठ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर काही कडबा खात नाही. माझ्यात फुटक्या बादल्या आणि तुटके पाईप येऊन पडले. बापूंची बायको सुमनबाई येता-जाता म्हणायची, "फोडून चुलीत घाला ते धूड."

"चूल फुटंल तुझी, पण ती न्हाई जळायची," बापू म्हणायचे. एवढ्यावरच मी तगले.

एके दिवशी त्यांची नात पुजा शाळेतून पळत आली. "आजोबा, आमच्या सिस्टरला गव्हाण पायजे. नाताळात येशूबाळाला निजवायला."

"लेकराला गव्हाणीत निजवतेत?" सुमनबाई कडाडली. "पाळणा न्हाई व्हय त्यांच्याकडं?"

"न्हाई आजी. त्याच्या आईला कुठं जागाच मिळाली नव्हती. म्हणून गोठ्यात, गव्हाणीत."

सुमनबाई उठली, बादल्या बाहेर फेकल्या आणि मला नारळाच्या शेंडीने असं घासलं, की मला स्वतःचीच ओळख पटेना.

मित्रांनो, पहिलीची लेकरं काय शिकतात, हे मी व्हरांड्यातून रोज ऐकते आणि थक्क होते. अक्षरं शिकतात, बेरीज शिकतात, ते तर झालंच. पण शिंक आली की तोंडासमोर कोपर धरायला शिकतात. मुंगश्याला हे कुणी शिकवलं असतं तर किती टोप्या वाचल्या असत्या! डबा उघडण्याआधी हात जोडायला शिकतात. "चुकलं माझं" म्हणायला शिकतात. शेंदऱ्याचा जन्म गेला, पण "आधी तू खा" हे काही त्याला जमलं नाही. ही लेकरं दिवाळी ते नाताळ एवढ्यात शिकली.

त्यांच्या सिस्टर मिना दूरच्या मुलखातून आलेल्या. मराठी त्या लेकरांकडूनच शिकल्या, म्हणून लेकरांसारखंच 'का'ला "काहून" म्हणायच्या. त्यांनी नियम केला होता: चांगलं काम करायचं, ते माझ्यापुढे उभं राहून सगळ्यांना सांगायचं आणि माझ्यात कडब्याची एक काडी टाकायची. काड्या जमतील तसं बाळाचं अंथरूण मऊ होईल. सुटी लागायच्या दिवशी सगळ्यांचे आईबाप येतील आणि मातीचं बाळ त्यावर निजेल.

झालं! काड्यांचा पाऊस सुरू झाला. "मी पुजाला खोडरबर दिलं." "मी आज भांडलोच न्हाई, अजून तरी." सगळ्यात पुढे रणजीत. त्याच्या काड्या तर मूठमुठीने पडायच्या. "मी वर्गातला कचरा भिंतीच्या पल्याड फेकला!" छाती काढून सांगायचा.

एकीची काडी मात्र पडली नव्हती. संगिता. तांड्यावरची पोर. घरी त्यांची बोली वेगळी, शाळेतली वेगळी, त्यामुळे वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. कामं ती सगळ्यांपेक्षा जास्त करायची. कुणाची बाटली भरून आणायची, पुजाच्या बुटाची नाडी बांधायची. मी सगळं बघत होते. पण सांगायची वेळ आली की खाली मान. संध्याकाळी तिची आई जमनाबाई फाटकाशी यायची आणि त्यांच्या बोलीत विचारायची, "आज टाकलीस का काडी?" पोर नाही म्हणून मान हलवायची. माय तिची वेणी नीट करायची आणि दोघी चालू लागायच्या. मला एवढं मोठं तोंड, पण उपयोग काय? शाळेत गव्हाणीला बोलायची परवानगी नाही.

सुटीच्या आदल्या दिवशी मी काठोकाठ भरले. मधल्या सुटीत फाटकाबाहेर एक मोकाट गाय आली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. भिंतीपलीकडच्या कचऱ्यातली चिवड्याची प्लास्टिकची पिशवी तिच्या तोंडात होती आणि ती चावून राहिली होती. संगिताने ते पाहिलं. ती धावली. फाटकाच्या गजांतून हात घालून पिशवी ओढायला लागली. गाय सोडेना. मग पोर माझ्याकडे आली, दोन्ही हातांनी कवळ भरली आणि गाईपुढे टाकली. गाईने तोंड उघडलं, पिशवी गळून पडली. आता भूक लागलेल्या गाईला एका कवळीने काय होणार? पोर पुन्हा आली. पुन्हा आली. माझा तळ दिसेस्तोवर.

"सिस्टर! सिस्टर! संगितानं बाळाचं अंथरूण गाईला घातलं!" रणजीत बोंबलला. सगळा वर्ग जमला. पुजा तर रडायलाच लागली. "आता बाळ कुठं निजंल?"

सिस्टर संगितापुढे गुडघ्यावर बसल्या. "काहून गं, बेटा?"

संगिता आता कायमची मुकी होणार, असं मला वाटलं. पण तिने ती लाळेने भिजलेली पिशवी पुढे धरली आणि पहिल्यांदा वर्गासमोर बोलली.

"गाय हे खाऊन राहिली होती. मरंल नं ती." मग माझ्याकडे बोट केलं. "अन् ही गव्हाण हाय. गव्हाणीतलं ढोरानंच खायाचं असतंय."

मित्रांनो, माझ्या बाभळीला पालवी फुटायचीच बाकी राहिली!

पिशवी बघून रणजीतचा चेहरा उतरला. "ही माझी," तो हळूच म्हणाला. "मीच फेकली. तिकडं गाय असती, मला काय माहीत?" मग त्याने विचारलं, "सिस्टर, माझ्या काड्याबी गाईच्या पोटात गेल्या का?"

"गेल्या."

"मंग ती मरणार न्हाई?"

"आता न्हाई."

"मंग बराबर झालं," असं म्हणून त्याने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. फाटकापाशी जमिनीवर एक काडी पडली होती, गाईच्या जिभेतून निसटलेली. ती त्याने उचलली आणि संगितापुढे धरली. "घे. तुझी काडी राहिली. तू सांगितलंस नं आत्ता, सगळ्यांपुढं."

तिने ती घेतली आणि माझ्यात ठेवली. एवढीशी काडी, पण मुंगश्याच्या सगळ्या कडब्यापेक्षा मला ती जड वाटली. हे मात्र थापांपैकी नाही बरं का.

"पण बाळाला लाकूड टोचंल," पुजा मुसमुसत म्हणाली. सिस्टरांनी माझ्या तळावरून हात फिरवला आणि चकित झाल्या. मग एकेक लेकरू हात फिरवू लागलं. "अगं, हे तर आजीच्या गालासारखं हाय!" म्हटलं नव्हतं मी, ध्यानात ठेवा म्हणून?

दुसऱ्या दिवशी मातीचं बाळ माझ्या पोटात निजलं, एका काडीवर. आईबापांच्या गर्दीत जमनाबाई मागे उभी होती. ती पुढे आली, वाकली, आत बघितलं.

"काडी कुणाची?" तिने विचारलं.

"माझी," संगिता म्हणाली. त्यांच्या बोलीत नाही, वर्गाच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

फाटकाबाहेर ती गाय पुन्हा येऊन उभी होती. रणजीत घरून कडब्याची पेंढी घेऊन आला होता.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी गव्हाण तुमच्या गोठ्यात पडून असेल, तर तिला चुलीत घालू नका. आणि भिंतीवरून काही फेकायच्या आधी टाचा उंच करून पलीकडे बघत जा. तिथे कुणीतरी उपाशी उभं असतं.