नाक नसलेलं चित्र

गरिमाच्या हाताची कीर्ती अख्ख्या ग्वाल्हेरात होती आणि ती एका शब्दात मावायची: हुबेहूब. कुणाचे वडील गेले, कुणाचे काका गेले, की घरचे लोक पासपोर्टचा फोटो घेऊन तिच्या दारी. गरिमा फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायची, तेच चौकोन कॅनव्हासवर मोठे करायची आणि डोळ्यांपासून सुरुवात करायची. सगळ्यात शेवटी शिंदेशाही पगडी. ज्यांनी जन्मभर हेल्मेटसुद्धा घातलं नाही, त्यांनाही गेल्यावर पगडी मिळायची. तक्रार कुणाचीच नसायची.

तक्रार होती राघवसरांची. कॉलेजात शेवटच्या वर्षाला चित्रकला शिकवणारे हे सर एकदा तिच्या मागे उभे राहून म्हणाले, “समोर फोटो असला की तुझा हात धावतो. फोटो काढून घेतला की उभा राहतो. का गं?” आणि चहाला निघून गेले. शिक्षकांची ही जातच दुष्ट. प्रश्न टाकायचा आणि चहाला जायचं.

त्या वर्षी प्रत्येकाला एक अमूर्त चित्र करायचं होतं. त्यात काय अवघड, म्हणून गरिमाने निळा, तांबडा, पिवळा घेतला आणि मनसोक्त फटकारे मारले. कॅनव्हासवर धुळवड झाली. सरांनी ते बराच वेळ पाहिलं.

“यातून काय सोडलंस?”

“सोडलं? सर, मी काही घेतलंच नव्हतं.”

“मग हा नुसता पसारा. सोडायला आधी हातात काहीतरी लागतं.”

हे बोलणं तिच्या डोक्यात घोळत असतानाच मामासाहेबांचा निरोप आला. मानसिंगराव हे तिच्या आईचे थोरले भाऊ. घराणं एके काळी फौजेतलं, पण मामासाहेबांनी नोकरी बिजली विभागात काढली आणि हुकूम सोडण्याची फौजी सवय मात्र जपली. विजयाबाईंना, म्हणजे मामीसाहेबांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला बैठकीत त्यांचं चित्र लागायला हवं, आणि ते गरिमानेच काढायला हवं.

अडचण एकच होती. मामीसाहेबांचा धड फोटोच नव्हता. प्रत्येक फोटोत त्या कुणाला तरी वाढत होत्या, नाहीतर पदर सारखा करत होत्या. चेहऱ्याच्या जागी एक पुसट हालचाल. उरला आधार कार्डावरचा फोटो. गरिमाने तोच घेतला, चौकोन आखले, डोळे काढले, नाक काढलं, सगळं मापात. मामासाहेबांनी चष्मा लावून पाहिलं.

“ही कोण बाई?”

गरिमाला ते फार लागलं. शाळेतून येता-जाता जिच्या हातचं खाऊन ती वाढली, त्या एका माणसाचं चित्र तिला येत नव्हतं. लोकांचे बाप तिने हुबेहूब काढले होते, स्वतःची मामी नाही. आणि जमलं नाही, तर त्या भिंतीवर मामीसाहेबांची जागा रिकामी राहणार होती.

“अगं, मग टेन्शन कशाला घेतेस?” मामासाहेब म्हणाले. “यांच्यासारखं कर.” आणि त्यांनी भिंतीकडे हात केला.

भिंतीवर घरातल्या जुन्या चार बायकांची चित्रं होती. गरिमा ती लहानपणापासून पाहत होती, म्हणजे पाहत नव्हती. आज तिने पाहिली. चारही बायकांना एकच नाक होतं. एकच डोळे, एकच जिवणी. सासू-सुना, जावा, सगळ्यांचं तोंड एक.

“मामासाहेब, या चौघी सेम टू सेम आहेत!”

“असणारच. पडदा होता ना तेव्हा. चितारी बाहेर देवडीवर बसायचा. आतून तबकात नथ आणि शालू पाठवायचे, ते बघून तो काढायचा. तोंड आपल्या मनाचं घालायचा.”

“म्हणजे तोंड खोटं?”

“खोटं कसं? रोज नमस्कार करतो मी.”

“पण कोणती कोण, हे कळतं कसं?”

मामासाहेबांना प्रश्नच बावळट वाटला. “या आजीसाहेब. एवढा लाल रंग या घरात दुसरं कोण नेसणार?”

गरिमा घरी किला गेटला परतली ती हे वाक्य घोळवतच. जे काम नाक करू शकलं नाही, ते एका लाल रंगाने केलं होतं. कसं काय?

आता तिला चैन पडेना. तिने गच्चीवर कॅनव्हास लावला आणि या वेळी आधी सगळं घेतलं. मामीसाहेबांची नथ, बांगड्या, हिरव्या काठाची चंदेरी साडी, कपाळावरची चंद्रकोर. मग एकेक काढायला लागली. नथ पुसली, मामीसाहेब होत्या. बांगड्या पुसल्या, होत्या. शेवटी चेहराही पुसला. आश्चर्य म्हणजे तेव्हा त्या जास्तच दिसायला लागल्या.

कित्येक दिवस हाच खेळ चालला. आई म्हणाली, “चित्र काढतेयस की धुतेयस?” गरिमाला स्वतःलाच ते सांगता आलं नसतं. शेवटी उरला धुवट चंदेरीचा उजळ, जवळजवळ कोरा रंग आणि त्यात एक हिरवा ठिपका, त्या नेहमी नेसायच्या त्या साडीच्या काठाचा. ठिपका मध्ये ठेवला की चित्र मरायचं. खाली, उजव्या कडेला नेला की तिथे मामीसाहेब बसलेल्या असायच्या. बरोबरच होतं. पाहुण्यांना गाद्या, सोफे. त्या आपल्या दाराशी, अर्ध्या उठलेल्या. तिने ठिपका बोटभर हलवला, की त्या निघून जायच्या. परत आणला, की यायच्या. हे आपल्याला कोण सांगतंय, याचं तिला नवल वाटत राहिलं. समोर तर फोटो नव्हता. चित्र एका बाजूला कलतंय असं वाटलं, म्हणून तिने डावीकडे थोडी राखाडी छाया दिली, बास.

हिरवा रंग अजून ओला होता. तरी ई-रिक्षात कॅनव्हास छातीपासून लांब धरून ती निघाली. इंदरगंजच्या चौकात अर्धं ग्वाल्हेर अंगावर आलं, पण रंग वाचला.

मामासाहेबांचा मुलगा समरजीत दारातच म्हणाला, “गरिमा, ये क्या है यार? आईसाहेब कहाँ हैं इसमें?”

मामासाहेबांचा पारा चढला. “नाक कुठाय? डोळे कुठायत? लोक येणार आहेत घरी! मी काय सांगू त्यांना?”

आपण थट्टा केली की काय यांच्या दुःखाची, असं वाटून गरिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. कॅनव्हास उचलायला ती पुढे झाली.

“थांब,” मामासाहेब म्हणाले.

ते खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समरजीत काहीतरी बोलायला गेला, त्याला हातानेच गप्प केलं.

“चूक आहे हे,” ते म्हणाले.

“हो, मामासाहेब.”

“इथे बसायच्या त्या, खरंय. दाराशी. पण ते तुम्ही लोक असलात की.” ते उठून चित्राजवळ गेले. “सगळे गेले, की तिथे नाही बसायच्या.” मग राखाडी छायेकडे बोट करून त्यांनी विचारलं, “हा मी ना?”

ती छाया नुसती तोल सांभाळायला दिली होती. गरिमाने मान हलवली, हो म्हणून.

“मग इथे.” त्यांनी छायेच्या बाजूला बोट टेकवलं.

गरिमाने पिशवीतून रंगकामाची सुरी काढली, ओला हिरवा अलगद उचलला आणि चित्राच्या पार दुसऱ्या बाजूला नेला. उजव्या कडेला त्याचा फिकट डाग राहिला. तो तिने पुसला नाही.

“इथे?”

“नाही. अजून जवळ. डाव्या कानाने कमी यायचं ऐकू त्यांना. कुणाला सांगितलं नाही कधी, मला सोडून.”

समरजीत वडिलांकडे बघत राहिला. गरिमाने हिरवा आणखी सरकवला.

“अजून,” मामासाहेब म्हणाले. “अजून थोड्या जवळ.”