फुंकरबाबांचं माप

आठ दिवसांपूर्वी खुर्चीत बसवून आणलेल्या पोस्टातल्या बाई त्या सकाळी सभागृहाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढल्या, आणि दोनशे माणसं एकदम उभी राहिली. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी रडत होतं. व्यासपीठावर फुंकरबाबा हात वर करून उभे होते.

"दुखणं म्हणजे आगंतुक पाहुणा! मी फुंकर मारतो, तो बूड हलवतो. चूर्ण घ्या, शंका आणू नका. शंका आली की पाहुणा परत आलाच!"

म्हणजे बरं वाटलं तर श्रेय बाबांचं, नाही वाटलं तर दोष तुमचा. धंदा असावा तर असा! पण मी गप्प बसलो, कारण शेजारी ताई होती आणि कितीतरी दिवसांनी तिने मान वर केली होती.

आमचं शिवणकामाचं दुकान. मी कापतो, ताई शिवते. चार वर्षांपूर्वी संधिवाताने तिची बोटं सुजली. सकाळी दात घासायचा ब्रशही धरवेना. मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांध्यांच्या गोळीबरोबर मनासाठीही गोळी दिली. "हाही आजारच आहे, नखरे नव्हेत," असं मला बजावलं. तरी मी आपला "जरा मन रमव" म्हणत राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते.

बाबांनी ताईची बोटं हातात घेतली. "घरात आणखी कुणाला होतं हे?"

"आईला. ती गेली."

"गेली कुठे? तुमच्या मागेच उभी आहे. तिनेच बोटं धरलीत. तिला एकटीला करमत नाही."

ताईने दचकून मागे वळून पाहिलं. त्या दिवशी ताईने दोन्ही गोळ्या बंद केल्या आणि चूर्ण सुरू केलं.

खोटं कशाला बोलू, गुण आला. चौथ्या दिवशी ती मशीनवर बसली. बाबांच्या सेवेकऱ्यांचे अंगरखे आमच्याकडेच यायचे, ते तिने भराभर शिवले. मीही माझं शहाणपण गुंडाळून ठेवलं. पण तिची झोप उडाली. भर दुपारी शिवता शिवता ती मान वळवून मागे बघायची. दुकानातल्या आरशावर तिने चादर टाकली. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगायची, काच फुटलीय. काच चांगली धड होती.

"ताई, काय दिसतं तुला?"

"दिसत काही नाही रे. पण आहे ती. चूर्ण चुकलं की म्हणते, चल."

ताई एक दिवस खरंच उठून आईच्या मागे जाईल, या भीतीने मी दुकान सोडून कुठे जाईनासा झालो.

तिसऱ्या महिन्यात नऊ सेवेकरी, सगळे रोज चूर्ण घेणारे, अंगरखे सैल करायला घेऊन आले. उसवण्याआधी नवं माप घ्यायचं आणि जुन्या मापाखाली लाल शाईने लिहायचं, ही आमची पद्धत. लिहिता लिहिता माझा हात थांबला. पोट चार इंच जास्त, गळा इंचभर जास्त, दंड मात्र बारीक. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. माणसं सुटतात, पण नऊच्या नऊ अगदी एकसारखी? ताईचा चेहराही गोल झाला होता. आम्ही त्याला तब्येत सुधारली म्हणत होतो!

मापवही आणि चूर्णाची पुडी घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पुडी प्रयोगशाळेत पाठवली. चूर्ण कसलं, साखरेत कुटलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या.

"सूज झटकन उतरते," त्या म्हणाल्या. "पण देखरेखीशिवाय घेतलं की पोट सुटतं, दंड झडतात, झोप उडते, मन भरकटतं. त्यात तिची मनाची गोळी बंद. तिला आजच घेऊन ये. आणि चूर्ण एकदम थांबवू नका, जिवावर बेतेल. मी मात्रा हळूहळू उतरवते."

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे दुखणं परत येणार."

"येईल थोडं."

"आणि आई?"

"आई नव्हतीच, ताई."

ती रडली. मीही रडलो.

पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंना घेऊन आम्ही सभागृहात गेलो. ताई सुजल्या बोटांत मापवही धरून व्यासपीठापर्यंत गेली आणि तिने नऊ जणांची जुनी-नवी मापं मोठ्याने वाचली.

"शंका! शंका!" बाबा ओरडले.

"शंका नाही, इंच आहेत. बाबा, तुमचेही अंगरखे आम्हीच शिवतो. तुमचं पोटाचं, दंडाचं माप सूतभर हललेलं नाही. पण गुडघा दुखतो म्हणून पट्टा बांधता, त्यासाठी पायजमा गुडघ्यात सैल करून नेलात. मग चूर्ण का नाही घेत?"

डॉक्टरीणबाईंनी चूर्णाचा अहवाल वाचला. तो संपेपर्यंत बाबांनी मागच्या दाराने पळ काढला होता, आणि डॉक्टरीणबाईंनी आधीच कळवलेले पोलीस नेमके त्याच दाराशी उभे होते.

पोस्टातल्या बाई घाबरून म्हणाल्या, "मग मला पुन्हा दुखेल हो!"

"दुखेल," ताई म्हणाली. "मला आत्ताही दुखतंय. काही दिवस तर उठावंसंही वाटत नाही. तेव्हा मी ह्याला सांगते, डॉक्टरांना सांगते. उद्या तुम्हीही दवाखान्यात चला, मी बरोबर येते. माझ्या आईला वेळेवर औषध मिळालं नाही, एवढंच झालं होतं. ती मला न्यायला कशाला येईल? मला ठेच लागली तरी तिचा जीव कासावीस व्हायचा."

वाचकहो, पुडीत काय आहे हे सांगत नसतील तर ती तोंडात टाकू नका. मनाच्या आजारालाही औषध आहे, ते मागायची लाज बाळगू नका. आणि दुखणाऱ्या माणसाच्या मागे मेलेल्यांना उभं करू नका. तिथे आपण उभं राहायचं असतं.