दहा मिनिटे पुढचे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने, थापाडे घड्याळ आहे. जन्मापासून तसे नव्हते. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने आठ दिवस माझी टिकटिक कानाशी धरून तपासली आणि मगच मला विकायला काढले. पुढे वाइनच्या दुकानात, गल्ल्यामागच्या भिंतीवर मला जागा मिळाली. दर सोमवारी मालक मला किल्ली देत. समोरच्या टपाल कचेरीतला कारकून दारातून डोकावून आपले मनगटी घड्याळ माझ्याशी जुळवून घेई. "हे कधी चुकायचं नाही," असे तो म्हणे आणि मी फुशारून जाई.

आमच्या गावात दारूचा कायदा फार कडक. परवान्याशिवाय बाटली नाही आणि संध्याकाळी सहानंतर विक्री नाही. एकदा मालकांनी गप्पांच्या नादात सहा वाजून दोन मिनिटांनी एक बाटली दिली. नेमका तपासनीस दारात! महिनाभर दुकानाला सील लागले. मालकांच्या तोंडचे पाणी पळाले. दुकान पुन्हा उघडले त्या दिवशी ते स्टुलावर चढले आणि माझा मिनिटकाटा दहा मिनिटे पुढे सरकवून मोकळे झाले. रोजच्या गिऱ्हाइकांना हे ठाऊक होते, ती लवकर येत. कारकुनाने मात्र माझ्याकडे बघणेच सोडले. मला फार वाईट वाटले.

एके दिवशी शिंपीकाका धापा टाकत आले. त्यांनी कधी आमची पायरी चढलेली नव्हती. काकू कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात दोघांनी एकाच पेल्यातून लाल वाइन घेतली होती, ती पुन्हा एकदा चाखायची एवढेच काकू मागत होत्या. परवान्यासाठी काकांनी तीन आठवडे कचेरीत चपला झिजवल्या आणि तो हातात पडताच ते थेट धावत आले. हे सारे त्यांनी दम खातखातच सांगितले.

"सहा वाजून गेले, काका. आता नाही देता येणार," मालक म्हणाले.

"अहो, माझ्या घड्याळात सात मिनिटं आहेत अजून!"

"इथं भिंतीवरचं चालतं. उद्या सुट्टी आहे, परवा या."

"परवाचा भरवसा नाही हो. डॉक्टरच म्हणालेत."

मालकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, मी खोटे सांगत आहे, असे मला ओरडायचे होते. पण टिकटिकीपलीकडे मला काही बोलता येत नाही. शटर खाली आले.

सुट्टीनंतरच्या दिवशी मालकांनी एक बाटली आधीच कागदात गुंडाळून ठेवली. काका आले नाहीत. ते आले चार दिवसांनी.

"हा परवाना परत कुठे द्यायचा असतो?" त्यांनी विचारले.

मालकांनी बाटली पुढे केली.

"राहू द्या. एकट्यानं कसली प्यायची?"

ते गेल्यावर मालक पुन्हा स्टुलावर चढले. काटा मागे घेतील असे वाटले, पण त्यांनी मला खिळ्यावरून उतरवले आणि माळ्यावर खोक्यांमागे ठेवून दिले. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हते. तेव्हापासून मला कुणी किल्ली दिलेली नाही.

मित्रांनो, घड्याळ जपा, त्याला वेळच्या वेळी किल्ली द्या. पण भीतीपोटी त्याला खोटे बोलायला लावू नका. आणि कुणी धापा टाकत दारात आले, तर भिंतीकडे नंतर बघा. त्या दिवशी मालकांनी माझ्या तबकडीकडे पाहिले. काकांच्या तोंडाकडे पाहिले असते, तर काकूंना दोन घोट मिळाले असते.