दुसरी सही

अण्णांच्या घरात वस्तू थेट विकत घेतली, असं कधी झालं नाही. आधी ती तपासली जायची. अण्णा चौतीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला पंखा त्यांच्या टेबलासमोर टांगायचा, चार तास सलग फिरवायचा आणि मग त्याच्या चिठ्ठीवर अण्णा लिहिणार 'पास', नाहीतर 'परत'. मधलं काही नाही. चिठ्ठीवर सह्या मात्र दोन लागत. एकाच्या नजरेतून सुटतं ते दुसऱ्याला दिसतं, असा तिथला नियम होता. आणि लिहिताना चुकलं तर खोडायचं नाही. एक रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं, बाजूला सही आणि तारीख.

बरं, हे सगळं कारखान्यात ठेवून घरी यावं की नाही माणसानं? छे! घरीही एक लांबडी वही आली. इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन, भिंतीवरचं घड्याळ, सगळं आठ दिवस उसनं आणायचं, वापरायचं, दोष लिहायचे आणि आठव्या दिवशी निकाल. पहिली सही अण्णांची, दुसरी बायकोची. ती बिचारी हात पुसत यायची, "आणा इकडं, कुठं करायची?" म्हणायची आणि सही ठोकून पुन्हा कामाला लागायची.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. वहीही तेव्हापासून कपाटातच होती. पण खाण तशी माती! आता बेचाळिशीचा असलेला मुलगा, ज्याला अण्णा अजून बाळ्याच म्हणतात, तो त्या रविवारी दुपारी छापलेले तीन कागद घेऊन अण्णांच्या खोलीत आला.

"अण्णा, जरा नजर टाका. संध्याकाळी सहाला ऑफिसातला तो मित्र येणार आहे. एक तर पैसे द्यायचे, नाहीतर त्याचा गेमचा कन्सोल परत द्यायचा."

कन्सोल बारा वर्षांच्या नातीसाठी होता. ती कधी एका जागी बसत नाही म्हणून घरात तिचं नाव भिंगरी. मित्राचा वापरलेला कन्सोल बाळ्यानं आठ दिवस घरी आणून ठेवला होता. तपासायला, दुसरं काय!

कागद मात्र बघण्यासारखे होते. कन्सोल स्वस्त पण त्याचे गेम महाग. गेमिंगचा पीसी महाग, पण अभ्यासालाही चालेल. त्यातल्या नुसत्या ग्राफिक्स कार्डाच्या किमतीत घरात नवा फ्रिज येईल, आणि कार्ड तीन वर्षांत जुनं. तासाला वीज किती, मागचा पंखा किती गरम होतो, रिमोटची बॅटरी किती टिकते. शेवटी जाड अक्षरात: 'दोन्ही घेण्यालायक नाहीत.' खाली बाळ्याची सही, आणि शेजारी एक रिकामी रेघ.

"दुसरी सही तुमची," बाळ्या म्हणाला.

अण्णांची छाती चार बोटं वर आली. कारखाना बंद पडला, शिक्के भंगारात गेले, पण पद्धत जिवंत आहे म्हणायची! त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"आजोबा, थांबा ना!" भिंगरी दारातूनच ओरडली. डोळे लाल झालेले, पण आवाज खणखणीत. "बाबानं काय तपासलंय विचारा त्याला! आठ दिवस नुसता मीटर बघत बसलाय. एकदा, फक्त एकदा खेळ म्हटलं माझ्याशी, तर म्हणे मी तटस्थ आहे."

"तपासणाऱ्यानं तटस्थच असावं लागतं," अण्णा म्हणाले. पोरीचा चेहरा पडला तसं त्यांना वाईट वाटलं, म्हणून समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, बापावर चिडू नकोस. असलं यंत्र आपल्याकडे पूर्वीही नापास झालंय. तुझा बाप अकरा वर्षांचा होता तेव्हा. काढ ती वही, खालच्या कप्प्यात आहे. खरी तपासणी कशी असते ते वाचून बघ. मोठ्यानं वाच, माझा चष्मा बाहेर राहिलाय."

वहीला कापूर आणि जुन्या कागदाचा वास होता. भिंगरीनं पान शोधलं आणि खाली फतकल मारून वाचायला लागली.

"'टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. दिवस पहिला. अडॅप्टर वीस मिनिटांत गरम.'"

"बघ," अण्णा म्हणाले.

"'दिवस दुसरा. दुसऱ्या रिमोटचं डावं बटण अडकतं. कॅसेटवर नऊशे नव्व्याण्णव खेळ लिहिलेत. सर्व लावून पाहिले. खेळ सात, बाकी तेच ते.'" भिंगरीनं मान वर केली. "आजोबा, तुम्ही नऊशे नव्व्याण्णव लावून बघितले?"

"लिहिलंय म्हटल्यावर बघायला नको?"

बाळ्या एवढ्यात पहिल्यांदा हसला. पलंगाच्या कडेवर टेकला. "रणगाड्यांचा खेळ होता त्यात," तो म्हणाला. "दोघांनी मिळून खेळायचा. विटांच्या भिंतीआड आपला झेंडा, तो राखायचा. कॅसेट नीट लागली नाही तर फुंकर मारायची. आई फुंकायची. पदरानं पुसून, हळूच."

"'दिवस तिसरा. भाजी करपली. कारण, यंत्र.'" भिंगरी आता रंगात आली होती. "'दिवस चौथा. आवाज फार. यंत्राचा नव्हे, खेळणारांचा. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, काय झालं.' काय झालं होतं, बाबा?"

"काही नाही गं. आईनं चुकून आपल्याच झेंड्यावर गोळा मारला. आणि मग तिला हसू आवरेना. जमिनीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली."

अण्णांना ते हसू ऐकू आलं. खरंच ऐकू आलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत ते वही घेऊन बसले होते, आणि टीव्हीच्या निळ्या उजेडात दोन डोकी एकमेकांना लागलेली होती. तिच्या हातात ते डावं बटण अडकणारं रिमोट, कारण चांगलं तिनं पोराला दिलं होतं. एरवी दिवसभर राबून मुकाट झोपणारी बाई. ते हसू आपण दोषांच्या रकान्यात लिहिलं?

"पुरे आता," ते म्हणाले.

पण भिंगरी कुठली थांबते! "'दिवस पाचवा. जेवण पाऊण तास उशिरा. तक्रार कोणाचीच नाही. दिवस सहावा. मुलगा आईला म्हणतो, तू घाबरू नकोस, मी आहे. लहानमोठ्याचं भान सुटतं.'" तिचा आवाज आपोआप खाली आला. "'दिवस सातवा. मला खेळायला बोलावलं. दोनदा. नोंदी करायच्या राहिल्या होत्या, गेलो नाही. दिवस आठवा. निकाल: घेण्यालायक नाही. परत.'"

तिनं मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. मग भिंगरी म्हणाली, "आजोबा, पण यावर आजीची सही नाहीये."

"असं कसं होईल? बघ नीट. तिची सही प्रत्येक पानावर आहे."

"मागच्या पानावर आहे, इस्त्रीच्या. पुढच्या पानावर आहे. यावर नाही."

अण्णांनी वही ओढून घेतली आणि हातभर लांब धरली. त्यांची स्वतःची सही, ऐटबाज. शेजारी रिकामी रेघ. चौतीस वर्षं एका सहीची चिठ्ठी ज्यानं दाराबाहेर जाऊ दिली नाही, त्याच माणसानं घरातून ते खोकं एका सहीवर बाहेर काढलं होतं. आणि एकतीस वर्षं त्याला पत्ता नव्हता.

"राहिली असेल गडबडीत," ते पुटपुटले.

"राहिली नव्हती, अण्णा." बाळ्या खाली बघत होता. "मी रडत होतो, तेव्हा मला जवळ घेऊन म्हणाली, मी सही केलेली नाही. ह्यांच्या लक्षात येईलच. मग विचारतील, का केली नाहीस, तेव्हा सांगते. दोन दिवस वाट बघितली तिनं. तुम्ही विचारलंच नाहीत."

"मग तू तरी सांगायचंस, गाढवा!"

"आई म्हणाली होती, आपण सांगायचं नाही. त्यांनी विचारायला हवं."

अण्णांना वाटलं, आत्ता उठावं, स्वयंपाकघरात जावं आणि विचारावं. तिथं आता कोणाला विचारणार? डोळे भरून आले तसं त्यांनी लपवलं नाही. नातीसमोर, मुलासमोर, म्हातारा सरळ रडला. भिंगरी घाबरून त्यांच्या गुडघ्याला बिलगली.

थोड्या वेळानं त्यांनी नाक पुसलं आणि पेन उचललं. 'घेण्यालायक नाही' यावर एक रेघ मारली. खोडलं नाही. वर लिहिलं, 'घेण्यालायक होतं'. बाजूला सही, आजची तारीख. सहीची ऐट गेली होती. रिकाम्या रेघेवर बाळ्याला सही करायला सांगावी असं एकदा मनात आलं, पण ती जागा त्यांनी तशीच ठेवली.

मग बाळ्याचे तीन कागद घेतले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चष्मा मागवून, नीट वाचले. आकडे सगळे बरोबर होते. पोरगं हुशार, यात वादच नाही. शेवटच्या पानावर आले, पेनाला टोपण लावलं आणि कागद तसेच परत दिले.

साडेपाच झाले होते. बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली कन्सोल ठेवलेला, त्याची वायर गुंडाळलेली, दोन्ही रिमोट वर, परत जायच्या तयारीत. अण्णा मुलाकडे बघत बसले.

बाळ्यानं कागद पाहिला. रिकामी रेघ पाहिली.

"अण्णा," तो म्हणाला, "सही का नाही केलीत?"

"विचारलंस बाबा," अण्णा म्हणाले. "चल, बाहेर चल. भिंगरे, एक रिमोट दे तुझ्या बापाला. चांगलं असेल ते."