बियर न घातलेली ग्रेव्ही

"रागावू नका अंकल," दारात उभी असलेली शाहीन म्हणाली, "पण तुमच्या खाटकाकडचं मांस आम्हाला चालत नाही. हलाल लागतं."

"असं होय," म्हणत विल्फ्रेड सग्डन गरम पातेलं घेऊन शेजारच्या आपल्या घरात परतला.

इंग्लंडमधल्या कीथली गावच्या बस डेपोत त्याने जन्मभर इंजिनं उघडली आणि मिटली. रविवारच्या जेवणात मांस, बटाटे, पुडिंग सगळं बायकोचं, एनिडचं. त्यावर ओतायची ग्रेव्ही तेवढी त्याची. शनिवारी गाईची हाडं कांदा-गाजराबरोबर लालसर भाजायची, दिवसभर मंद आचेवर उकळून अर्क काढायचा. रविवारी चरबीत पीठ बदामी होईतो परतायचं, त्यात तो अर्क आणि ग्लासभर काळी बियर. एनिड म्हणायची, "देवानं तुला एकच कला दिली, आणि तीही पातळ."

गेल्या हिवाळ्यात एनिड गेली. मांस भाजायला तो कधी शिकलाच नव्हता, पण शनिवार आला की हात हाडांकडे वळायचे. ग्रेव्ही पावाला लावून खायचा, उरलेली डब्यांत गोठवायचा. फ्रीजरमध्ये आता बर्फालाही जागा नव्हती. ऑस्ट्रेलियातली मुलगी फोनवर सांगायची, बाबा, थोडीच करत जा. पण थोड्यात ती जमत नाही, हे तिला कसं समजावणार? शेवटी त्याने शेजारचं दार वाजवलं होतं, तर हे असं झालं.

पुढच्या शनिवारी तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हलाल दुकानात गेला. नळीची हाडं मागितल्यावर खाटकाने विचारलं, "कुत्र्यासाठी का, काका?"

"नाही. शेजारणीसाठी."

दुकानातले सगळे हसले. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन विल्फ्रेडही हसला. कितीतरी दिवसांनी.

येताना त्याने नवं पातेलं घेतलं. रविवारी सवयीने बियरची बाटली हातात आली. ती त्याने परत कपाटात ठेवली. बियरविना चव पोकळ लागेल, म्हणून कांदा करपायच्या बेताला येईपर्यंत परतला. रंग चढला, दाटपणा आला. चमच्याने चाखून पाहिली, पण जमली की नाही ते कळेना. आजवर ते एनिडच सांगायची. बोट बुडवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "हं." तो चमचा हातात धरून उगाच उभा राहिला.

दुपारी त्याने शाहीनला दारातच सगळं सांगितलं. दुकान तुमचं, बियर नाही, पातेलंही कोरं.

"पातेलंसुद्धा?"

"जुन्यात बियर मुरलीय, पोरी."

शाहीन त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने दोन्ही हातांनी पातेलं घेतलं आणि हळूच शुक्रिया म्हणाली. ती आणखी काही म्हणेल, असं वाटून तो क्षणभर थांबला. आतून सासूने हाक मारली. शाहीन मान लववून आत गेली. दार लागलं.

घरी येऊन त्याने वाडग्यात आपल्यापुरती काढून ठेवलेली ग्रेव्ही घेतली, पाव कापला. मधल्या भिंतीपलीकडे खुर्च्या सरकल्या, ताटं वाजली, एक मूल काहीतरी मागू लागलं. मग सगळे आवाज एकदम थांबले. भरल्या तोंडांची ती शांतता होती. ती तो ओळखत होता.

त्याने आपली खुर्ची उचलून भिंतीजवळ नेली आणि जेवायला बसला.